मान घासू नका, आजी

प्रश्न : माझा नातू नऊ वर्षांचा आहे. उंची १३६ सेंटिमीटर, वजन ४४ किलो. मुलगा-सून मुंबईला नोकरी करतात, लोकलने घरी यायला साडेनऊ होतात. मग सगळे एकत्र जेवतो. नातू साडेअकराला झोपतो आणि सकाळची शाळा म्हणून सहाला उठतो. चार वाजता मी त्याला खाऊ देते, बिस्किटं, वेफर्स आणि आंब्याच्या ज्यूसचा पुडा. मुलं ‘ढोल्या’ म्हणतात म्हणून हल्ली खाली खेळायला जात नाही. रात्री घोरतो. मानेवर काळा थर बसलाय, बेसन-लिंबू लावून घासते तरी निघत नाही. शेजारीण म्हणते, थायरॉइड तपासा आणि भात-तूप बंद करा. काय करू?
– एक आजी, डोंबिवली

उत्तर : आजी, सगळ्यात आधी मान घासणं थांबवा. तो मळ नाही. शरीरात इन्सुलिन वाढलेलं राहिलं की मानेवर, काखेत कातडी जाडसर, काळी, मखमलीसारखी होते. चोळून ती निघत नाही, नुसती सोलवटते. माझ्याकडे कितीतरी मुलं अशी लालेलाल मान घेऊन येतात. ‘नीट अंघोळ करत नाही’ म्हणून बोलणीही खाल्लेली असतात. फार वाईट वाटतं मला. वजन आटोक्यात आलं की हा काळेपणा हळूहळू फिका होतो. पण ही खूण दिसली आहे, तर उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, यकृतासाठी एसजीपीटी आणि रक्तदाब तपासून घ्याच. घोरण्याचंही डॉक्टरांना सांगा. एखाद्या रात्री जवळ बसून ऐका, घोरता घोरता श्वास मध्येच अडकतो का.

थायरॉइडचं मला तितकंसं वाटत नाही. ते कमी पडलं की मुलाची उंची खुंटते, तुमच्या नातवाची तर छान वाढते आहे. वजनाचा प्रश्न मात्र खरा आहे. त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २४च्या जवळ येतो. नऊ वर्षांच्या मुलग्याचा साडेवीसच्या पुढे गेला की जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात तो स्थूल धरला जातो.

भात-तूप बंद करू नका. वरणभातावर चमचाभर तूप राहू दे. बंद करायचा तो ज्यूसचा पुडा. मागे छापलेला साखरेचा आकडा वाचा, २०० मिलीत २५ ग्रॅमच्या आसपास सापडेल, म्हणजे पाच-सहा चमचे. चार वाजता उकडलेले शेंगदाणे, मोड आलेल्या मटकीची उसळ, थालीपीठ, एखादा पेरू द्या. आणि ‘अजून एक घास आजीचा’ नको. तान्हेपणी चिऊ-काऊचे घास भरवले ते ठीक, आता पोट भरलं म्हणाला की ताट उचलू द्या.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात खटकली ती झोप. साडेसहा तास! या वयाला निदान नऊ तास हवेत. झोप कमी पडली की भूक वाढते, तीही गोडाची नि तळलेल्याची. आई-बाबांची वाट पाहणं मी समजू शकते, पण त्याचं जेवण साडेसातला उरका. भाकरी, भाजी, डाळ, काकडी. सध्या ते आले की हा वाटीभर ताक घेऊन त्यांच्याजवळ थोडा वेळ बसेल, गप्पा मारेल. नऊ तास भरायचे तर नवाला पडायला हवं, तेवढं लगेच जमणार नाही. दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणा. सुनेशी यावर मोकळेपणाने बोला, ती वाईट वाटून घेणार नाही.

खेळ दिवसाला तासभर हवा, पण चिडवणाऱ्या मुलांत त्याला ढकलू नका. एखादा जिवलग मित्र असेल तर त्याला घरी बोलवा. गच्चीवर दोरीच्या उड्या, लंगडी, पकडापकडी. सुरुवातीला वीस मिनिटं खूप झाली. ‘ढोल्या’ हा शब्द घरात लाडानेसुद्धा नको.

त्याला डाएटवर ठेवू नका, वजन उतरवायची घाईही नको. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर उंची वाढते. वजन इथेच थांबलं तरी बीएमआय आपोआप खाली येतो. दर महिन्याला एकदा वजन, तीन महिन्यांनी उंची, वहीत लिहून ठेवा. मी माझ्याकडच्या मुलांना काट्याकडे पाठ करून उभं करते, आकडा मोठ्याने वाचत नाही. तुम्हीही तसंच करा.