पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे इन्फेक्शनच असतं का?

ताप नाही, सर्दी नाही तरी डब्ल्यूबीसी, म्हणजे पांढऱ्या पेशींचा आकडा, 14,500 कसा, असं विचारलंय तुम्ही. आधी हे सांगा, मागच्या काही दिवसांत स्टेरॉइड घेतलंत का? गोळी किंवा इंजेक्शन? हे कुणी विचारतच नाही म्हणून लिहायला बसले.

माझ्या सासूबाईंना दम्याचा जोरात अटॅक आला तेव्हा प्रेडनिसोलोनचा, म्हणजे स्टेरॉइडचाच, कोर्स दिलेला. दम बसला, जेवायला लागल्या, आणि सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, आकडा आला 16,800, ठळक अक्षरात, शेजारी वर जाणारा बाण. झालं! मोठ्या भाऊजींनी रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली 'छातीत इन्फेक्शन पसरलंय', संध्याकाळपर्यंत कोणीतरी ब्लड कॅन्सरवर पोचलं होतं आणि इकडे सासूबाई उशीला टेकून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होत्या. मी म्हटलं स्टेरॉइडने वाढतात, तर म्हणे तू डॉक्टर आहेस का, अँटिबायोटिक सुरू करा. डॉक्टरांनी छाती तपासली, न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) 84 टक्के आणि बाकी सगळं ठीक बघून हेच सांगितलं. एरवी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले न्यूट्रोफिल स्टेरॉइडमुळे सुटून वाहत्या रक्तात येतात आणि मोजणीत सापडतात. कोर्स संपल्यावर 8,900. तो रिपोर्ट काही ग्रुपवर आला नाही.

तर नुसता एकूण आकडा बघू नका, खालचं डिफरन्शियल बघा, म्हणजे कुठल्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी किती ते. न्यूट्रोफिल वाढले तर बॅक्टेरिया, सूज, भाजणं, ऑपरेशन, स्टेरॉइड, लिथियमचं औषध. लिम्फोसाइट वाढले तर बहुतेक व्हायरल. इओसिनोफिल म्हणजे अ‍ॅलर्जी, दमा नाहीतर जंत. गरोदरपणात 11,000 च्या वर जाणं नॉर्मलच आहे. नुसत्या आकड्यावरून अँटिबायोटिक मागणं हा शुद्ध अडाणीपणा, मग मागणारा कितीही शिकलेला असो.

हां, पण स्टेरॉइड घेणाऱ्याला इन्फेक्शन होतच नाही असं नाही, उलट पटकन होतं आणि ताप दबून राहू शकतो, त्यामुळे ठरवायचं डॉक्टरांनीच. आणि गोळ्या मनाने बंद करू नका. वजन उतरतंय, रात्री घामाने कपडे भिजतात, गाठी लागतात, हिमोग्लोबिन-प्लेटलेटही घसरलेत किंवा स्मिअरमध्ये (रक्ताच्या थेंबाची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व पेशी, लिहिलंय, तर थांबू नका, हिमॅटॉलॉजिस्ट म्हणजे रक्तविकारांचे डॉक्टर गाठा.

सिगारेट ओढत असाल तर तेही एक कारण, वर्षानुवर्षं आकडा थोडा चढाच राहतो. आमच्या भाऊजींचा 12,000 च्या आसपास असतो, पण त्यांना कुठे इन्फेक्शन असतं!