आईचं मनगट मोडलंय. प्लेट टाकावी की प्लास्टरवर भागेल?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि बाकीची कामं बाजूला ठेवून लिहायला बसले. आई ६६ वर्षांची, अंगणात घसरून उजव्या हातावर पडली, मनगटाचं हाड सरकलंय, सध्या कच्चं प्लास्टर आहे आणि डॉक्टर प्लेट (ऑपरेशन करून हाडावर स्क्रूने बसवायची धातूची पट्टी) सुचवतायत, इथपर्यंत घरोघरी घडतं. पण पुढे तुम्ही लिहिलंय की मुंबईचा भाऊ म्हणतो, ‘पैशाकडे बघू नका, प्लेटच टाका, नाहीतर लोक म्हणतील आईच्या हातावर पैसे वाचवले.’ हे वाक्य मी चार माणसांत ऐकून घेतलेलं आहे.

आधी स्पष्ट सांगते. प्लास्टर हा गरिबाचा इलाज आणि प्लेट हा श्रीमंताचा, ही समजूत साफ चुकीची आहे. साठी ओलांडलेल्या माणसाचं नेहमीच्या प्रकारचं सरकलेलं मनगट जागा बधिर करून नीट बसवलं, प्लास्टर केलं आणि ते जागेवर टिकलं, तर वर्षभराने तो हात प्लेट टाकलेल्या हाताच्या बरोबरीने काम करतो. यावर पद्धतशीर चाचण्या झालेल्या आहेत.

माझी आई २०२२ च्या पावसाळ्यात पडली. तेव्हा ती ७१ वर्षांची होती. आम्ही इचलकरंजीला राहतो, मागच्या दारी शेवाळ धरलं होतं. ज्या दवाखान्यात आधी नेलं तिथे एक्स-रे काचेवर लावला आणि सांगितलं, ‘उद्या सकाळी उपाशीपोटी आणा, प्लेट टाकू.’ आईकडे बघितलंसुद्धा नाही. ती कुठल्या हाताने काम करते, दिवसभर काय करते, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, काही विचारलं नाही. संध्याकाळी पुण्याहून दादाचा फोन आला. त्याने तिथल्या कुणा ओळखीच्या डॉक्टरला एक्स-रेचा फोटो पाठवला होता आणि त्यांचंही प्लेट हेच मत पडलं. आई कॉटवर बसून दोनदा म्हणाली, ‘मला कापून घ्यायचं नाही.’ फोनवर स्पीकर चालू होता, दादाला ऐकू गेलं असणार. पण बोलणं चाललं होतं ते तिच्या हाताबद्दल, तिच्याशी कुणी बोलत नव्हतं.

पैसे होते, हेही इथे लिहून ठेवते. एफडी मोडायची तयारी होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला मिरजेला एका वयस्कर हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी तिला बोटं हलवायला लावली. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येतात का विचारलं. सुजेमुळे अंगठी रुतत होती ती कापून काढली. मग विचारलं, ‘आजी, घरात काय काय करता?’ भाकऱ्या, देवपूजा, नातीची वेणीफणी, दुपारी थोडं शिवण. मोडलेल्या जागी सुई देऊन ती बधिर केली, हात ओढून हाड बसवलं, पुन्हा एक्स-रे काढला आणि प्लास्टर केलं. आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं की पहिले दोन आठवडे दर आठवड्याला एक्स-रे काढायचा. हाड पुन्हा सरकलं तर तारा (कातडीतून हाडात घालून ते जागेवर धरणाऱ्या) किंवा प्लेटचा विचार करू, तेवढा वेळ हातात असतो. आणि मनगटावर थोडा उंचवटा राहील, हात पहिल्यासारखा सरळ दिसणार नाही, पण चालेल. हे आधीच सांगितलं, नंतर समजूत काढायला नव्हे. बोलता बोलता म्हणाले, ‘ब्रिटनमध्ये यावर मोठं काम झालंय, वाचायचं असेल तर वाचा.’

मी ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते. त्या रात्री वाचायला बसले ती पुढे कित्येक रात्री वाचत राहिले.

त्यातलं तुमच्या कामाचं सांगते. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या १८ रुग्णालयांतल्या ४६१ रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. कुणाला प्लेट आणि कुणाला बाहेरून साध्या तारा, हे डॉक्टरच्या मर्जीवर नाही, चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. चिठ्ठी महत्त्वाची, कारण नाहीतर तरणीताठी माणसं एका गटात आणि थकलेली दुसऱ्या गटात जातात आणि मग तुलनेला अर्थ राहत नाही. वर्षभराने दुखणं आणि रोजची कामं या हिशोबात दोन्ही गट सारखे निघाले. मग पुढचा प्रश्न आला: तारांची तरी गरज आहे का? २०२२ मध्ये त्याचंही उत्तर आलं. ५०० रुग्ण, सगळ्यांचं हाड आधी बसवलेलं, अर्ध्यांना तारा, अर्ध्यांना नुसतं प्लास्टर. वर्षाच्या शेवटी कामात फरक नाही. मात्र प्लास्टरवाल्यांपैकी साधारण आठातल्या एकाचं हाड पहिल्या सहा आठवड्यांत सरकलं आणि त्याला ऑपरेशन लागलं. हा आठातला एक कोण, ते आधी कळत नाही, म्हणूनच दर आठवड्याचा एक्स-रे चुकवायचा नाही. पण उरलेले सात जण चाकूशिवाय सुटले, हेही त्याच आकड्यात आहे.

तुमच्या आईच्या वयाला जास्त लागू पडेल असा अभ्यास ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा. वय ६० च्या पुढे, १६६ जण, थेट प्लेट विरुद्ध प्लास्टर. बारा महिन्यांनी हाताच्या कामात म्हणावा असा फरक नाही. त्याआधी २०११ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला ६५ च्या पुढच्या ७३ जणांवर हेच केलं होतं. तिथे प्लेटवाल्यांचा एक्स-रे सुंदर होता, पकडही जास्त मजबूत होती, पण हालचाल, दुखणं आणि रोजची कामं सारखीच.

आणि हा उंचवटा काही नवा नाही. या फ्रॅक्चरला ज्यांचं नाव आहे, ते डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये, म्हणजे एक्स-रेचा शोध लागायच्या ८१ वर्षं आधी लिहून ठेवलंय की हात पुढे मोकळा हलतो, दुखायचंही थांबतं, वाकडेपणा मात्र जन्मभर राहतो.

तर आईचं प्लास्टर निघालं, मनगट सुरुवातीला ताठ होतं, गरम पाण्यात हात धरून व्यायाम केले आणि दिवाळीपर्यंत ती भाकरी थापायला लागली. मग उन्हाळ्यात पुतण्याची मुंज झाली. पंगत उठल्यावर सगळे बसले होते, तेव्हा दादाने आईचा हात उचलून मामांना दाखवला. ‘बघा, वाकडाच राहिला. मी सांगत होतो प्लेट टाका. पण ताईला एफडी मोडवेना.’ आईने हात सोडवून घेतला. त्याच हाताने तिने आदल्या दिवशी घाणा भरला होता, हळद कांडली होती, आणि ते त्याच मामांनी बघितलं होतं. तरी कुणी काही बोललं नाही. वाकडं मनगट सगळ्यांना दिसतं, त्या हाताचं काम कुणाच्या नजरेत भरत नाही.

दादाचा मोठा पुरावा म्हणजे त्याचा स्वतःचा गुडघा. पन्नाशी उलटल्यावर गुडघा दुखायला लागला, एमआरआयमध्ये गादी (सांध्यातल्या दोन हाडांमधली कूर्चा) फाटलेली दिसली, दुर्बिणीने ऑपरेशन करून फाटका भाग काढला आणि त्याला बरं वाटलं. ‘मी ऑपरेशन केलं म्हणून चालतोय’, हे तो दर वेळी सांगतो. त्याला बरं वाटलं यात मला शंका नाही. ते ऑपरेशनमुळेच वाटलं का, हा प्रश्न आहे, आणि फिनलंडच्या डॉक्टरांनी तो फार सचोटीने सोडवला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत ३५ ते ६५ वयाचे १४६ जण होते, सगळ्यांची गादी वयाने झिजून फाटलेली, संधिवात नसलेले. सगळ्यांच्या गुडघ्यात दुर्बीण घातली. मग ऑपरेशन थिएटरातच बंद पाकीट फोडलं. पाकिटात निघेल तसं काहींची फाटकी गादी कापली, बाकीच्यांची फक्त कापल्यासारखं केलं: हत्यारं मागितली, गुडघा हलवला, तेवढाच वेळ टेबलावर ठेवलं. कुणाचं काय झालं ते रुग्णाला माहीत नव्हतं. वर्षभराने दोन्ही गटांतल्या बहुतेकांना बरं वाटत होतं, आणि सारखंच बरं वाटत होतं.

शिवाय एमआरआयमध्ये फाटलेली गादी दिसली म्हणजे दुखणं तिचंच, असंही नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावी ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे एमआरआय काढले, त्यांत ३५ टक्क्यांची गादी फाटलेली निघाली. त्या फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काही त्रासच नव्हता. खांद्याजवळ मोडून सरकलेल्या हाडाचंही ब्रिटनमध्ये २५० जणांवर बघितलं, २०१५ ला छापून आलं: झोळीत हात ठेवलेले आणि ऑपरेशन केलेले, दोन वर्षांनी सारखेच.

आता ज्या ठिकाणी माझं म्हणणं लागू नाही ते सांगते, आणि हे नीट वाचा, कारण तुमचा एक्स-रे मी बघितलेला नाही. हाड कातडी फोडून बाहेर आलं असेल, बोटांना सतत मुंग्या किंवा बधिरपणा असेल, हाड तळव्याच्या बाजूला सरकलं असेल किंवा सांध्याच्या पृष्ठभागाचेच तुकडे झाले असतील, तर ऑपरेशनला नाही म्हणू नका. बसवलेलं हाड जागेवर राहतच नसेल तरीही. तरुण माणसाचा, हातावर पोट असलेल्याचा हिशोब वेगळा. प्लेटने हात लवकर मोकळा होतो हेही खरं, आई एकट्या राहत असतील तर त्याला किंमत आहे. ऑस्ट्रेलियाच्या त्या चाचणीत ‘उपचार यशस्वी झाला का’ असं विचारल्यावर प्लेटवाल्यांनी जास्त होकार दिला होता, हेही लपवत नाही. तरुण खेळाडूचा गुडघ्यातला लिगामेंट तुटला असेल तर वर सांगितलेलं गादीचं त्याला लावू नका.

डॉक्टरांना दोन गोष्टी थेट विचारा: ‘हाड बसवून प्लास्टर केलं तर नेमकं काय बिघडेल?’ आणि ‘सरकलं तर नंतर प्लेट टाकता येईल ना?’ चांगला डॉक्टर रागावत नाही. रागावला तर दुसऱ्याचं मत घ्या, पण त्यात आठवडा घालवू नका, हाड जुळायला लागलं की बसवणं अवघड होतं. आणि कच्चं प्लास्टर असलं तरी आजपासून बोटं, कोपर आणि खांदा हलवायला लावा. माझ्या आईचा खांदा झोळीमुळे आखडला होता, त्याने मनगटापेक्षा जास्त छळलं. बोटं सुजून निळी पडली किंवा प्लास्टर आतून आवळायला लागलं तर सकाळची वाट न बघता जा.

हाडांची घनता तपासा, डेक्सा म्हणतात त्याला. उभ्या उंचीवरून पडून या वयात मनगट मोडतं तेव्हा हाडं ठिसूळ झालेली असण्याची शक्यता मोठी असते, आणि पुढचं फ्रॅक्चर खुब्याचं होण्याचा धोकाही वाढलेला असतो. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांवर समाधान मानू नका, ठिसूळपणावर वेगळी औषधं आहेत. आमच्याकडे प्लेटवरून भांडणं झाली, ही तपासणी मात्र पहिल्या दवाखान्यात कुणी सुचवली नाही, दादाच्या ओळखीच्या डॉक्टरांनीही नाही. खुबा मोडला असता तर मनगट सरळ असून काय उपयोग होता?

राहिला तुमचा भाऊ. पैशाकडे बघू नका म्हणतो, चांगलं आहे. त्याला म्हणा, पैसे राहू देत, प्लास्टर असेपर्यंत रजा टाकून ये. उजवा हात बांधलेल्या आईला आंघोळीला मदत लागते, वेणी घालावी लागते, भात कालवून द्यावा लागतो, रात्री उशीवर हात उंच ठेवलाय का ते बघावं लागतं. दर आठवड्याच्या एक्स-रेला त्यालाच बरोबर जाऊ दे, प्रश्न त्यालाच विचारू दे. आणि त्याआधी तुम्ही दोघांनी मिळून आईला विचारा, तुला काय करायचंय.