दुर्बिणीसाठी गॅरेज भाड्याने घ्यावं का?

ठाण्याहून, मानपाड्याच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. गेल्या दिवाळीच्या बोनसमधून त्यांनी ८२,००० रुपयांची दहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण (दहा इंच रुंद आरशाची, जमिनीवरच्या साध्या फिरत्या स्टँडवर बसणारी) घेतली. घर वन बीएचके, माणसं चार. दुर्बीण सध्या गॅलरीत उभी आहे आणि पत्नीचं म्हणणं की ती तिथून हलवा. नौपाड्यातल्या एका जुन्या बंगल्याचं बंद गॅरेज ओळखीतून मिळतंय: महिना ३,५०० रुपये भाडं, २५,००० अनामत, दरवर्षी ५ टक्के वाढ. मालक काकांनी १ जूनपासून ते यांच्यासाठी राखून ठेवलं आहे. वाचकांनी कुठेतरी वाचलं की दुर्बीण ठेवायला घरापेक्षा न तापवलेलं गॅरेज उत्तम. ते विचारतात, ‘एवढी महाग वस्तू नीट राहावी म्हणून हा खर्च योग्य आहे ना?’

तुम्ही वाचलंत ते खरं आहे, पण ते थंड देशांतल्या लोकांसाठी. तिथे हिवाळ्यात घरात २० अंश आणि बाहेर शून्याच्या खाली असं असतं. उबदार खोलीतून दुर्बीण थेट अंगणात नेली की जाड काचेचा आरसा निवायला तास-दीड तास लागतो. तोवर आरशावरून गरम हवा वर चढत राहते आणि शनीची कडी पाण्याखाली असल्यासारखी हलताना दिसतात. गॅरेजमध्ये मुळातच बाहेरची थंडी असल्यामुळे तो वेळ वाचतो. आपल्याकडे जानेवारीतसुद्धा खोलीत आणि गच्चीवर फरक असतो तो थोड्या अंशांचाच. अर्ध्या तासात आरसा हवेशी जुळतो. म्हणजे ज्या फायद्यासाठी परदेशातले हौशी लोक गॅरेज वापरतात, तो ठाण्यात तुम्हाला फुकटच मिळतोय.

उलट आपला शत्रू दमटपणा आहे, आणि बंद गॅरेज म्हणजे त्याचं माहेर. हवेतली आर्द्रता साधारण ६५-७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की काचेवर बुरशी धरते. जुलैत आपल्याकडे ती ८५ च्या आसपास असते. माझ्या वडिलांचा कॅमेरा दोन पावसाळे लोखंडी कपाटात बंद राहिला होता. बाहेर काढला तेव्हा लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरलेले होते. पुसून गेले, पण खूण राहिलीच, कारण बुरशीतून येणारं आम्ल काचेवरचा थर खातं. तुमच्या आरशावर तर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर आहे. त्यात दुर्बिणीचा खालचा स्टँड पार्टिकल बोर्डचा. ओल लागली की तो फुगतो, आणि फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही. नौपाड्यात पाण्याची भीती वेगळीच. वंदना टॉकीजच्या परिसरात पाणी कसं तुंबतं ते तुम्हाला मी सांगायला नको. गॅरेज तळमजल्यावर आणि वस्तू जमिनीवर ठेवलेली, एवढं लक्षात घ्या.

आता पैशांकडे येतो. पहिल्या वर्षाचं भाडं ४२,०००. दरवर्षी ५ टक्के वाढ धरली तर पाच वर्षांचे होतात सुमारे २,३२,०००. म्हणजे अशा जवळजवळ तीन दुर्बिणींची किंमत एका दुर्बिणीच्या निवाऱ्यावर जाईल. पण मला याहून जास्त खटकला तो दुसरा आकडा. तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय की दिवाळीपासून आजवर १४ रात्री दुर्बीण वापरली: ११ वेळा इमारतीच्या गच्चीवर, ३ वेळा शहराच्या उजेडापासून लांब, वांगणीला. ४२,००० भागिले १४, म्हणजे रात्रीमागे ३,००० रुपये. आणि दुर्बीण नौपाड्यात गेल्यावर रात्री १४ राहतील का? ऑफिसातून येऊन, जेवून, माजिवड्याच्या गर्दीतून जाऊन दुर्बीण आणायची, गच्चीवर चढवायची आणि पुन्हा पोचवायची, हे आठवड्याच्या मधल्या वारी कोण करेल? गच्चीवरच्या त्या ११ रात्रीच आधी गळतील. तुमच्या तेरा वर्षांच्या मुलाने गुरूचे चार चंद्र ओळीत पाहिले ते त्याच रात्रींपैकी एका रात्री, असं तुम्हीच लिहिलंय. चंद्र, गुरू, शनी, मृगातला तेजोमेघ हे शहराच्या उजेडातही दिसतं. त्यासाठी दुर्बीण लिफ्टपासून वीस पावलांवर हवी.

गॅरेजची एक बाजू खरी आहे. तीसेक किलोचं धूड तळमजल्यावर असलं तर वांगणीला निघताना ते थेट गाडीत जातं, पाठ वाचते. पण वर्षातल्या तीन रात्रींसाठी बारा महिन्यांचं भाडं मला पटत नाही, आणि त्यातले चार महिने तर पावसाळ्याचे, तेव्हा आकाश दिसतच नाही.

तुमच्या हिशेबात मला काळजी वाटते ती वेगळ्या जागी. घरखर्च आणि कर्जाचा हप्ता मिळून महिना ६२,०००, आणि अडीअडचणीसाठी बाजूला आहेत १,१०,०००. जेमतेम पावणेदोन महिने निघतात. त्यातून अनामत आणि पहिलं भाडं दिलंत की उरतात ८१,५००, म्हणजे सव्वा महिना. एकट्याच्या पगारावर चाललेल्या घराला हे फार कमी आहे. दुर्बीण घेतलीत याबद्दल मी एक शब्दही वाईट बोलणार नाही. रोख घेतलीत, कर्ज काढलं नाहीत, मुलगा त्यात रमला. पण सगळं भागवून महिन्याला ९,००० उरतात, त्यातले साडेतीन हजार भाड्यात घालू नका. ३,००० चं रिकरिंग डिपॉझिट सुरू करा. साडेसहा टक्के व्याज धरलं तरी पाच वर्षांत २,१२,००० च्या आसपास जमतात. आधी सहा महिन्यांचा खर्च जमू दे, मग बाकीचं बघू. उरलेले ५०० दुर्बिणीच्या नावाने वेगळे ठेवा. आरशाचा थर कधी ना कधी नव्याने चढवावाच लागतो.

विम्याचं विचारलंत म्हणून सांगतो. घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी घेतलीत तर आतल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप संरक्षण मिळतं. पण ते त्या पत्त्यावरच्या सामानाला. दुसऱ्याच्या गॅरेजमधल्या दुर्बिणीला ते गृहीत धरू नका. बुरशी किंवा हळूहळू होणारी झीज कुठेच भरून मिळत नाही.

मग ठेवायची कुठे? वहिनींचं बरोबर आहे, गॅलरी सगळ्यात वाईट. पावसाची झड तिथेच येते. डॉब्सोनियनची नळी स्टँडवर उभी केली की जमिनीवर दोन फूट बाय दोन फूट जागा लागते, याहून जास्त नाही. बेडरूममधला एक कोपरा टेपने मोजा. सुताराकडून खाली लॉक होणारी चाकं लावून घ्या, म्हणजे झाडलोट करताना सरकवता येईल. भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. दोन्ही टोकांना झाकणं, वरून सुती चादर. प्लास्टिक गुंडाळू नका, आतली ओल आतच कोंडते. आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेलचा रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरा. आर्द्रता मोजणारं एक छोटं हायग्रोमीटर घ्या. पावसाळ्यात काटा ६५ च्या वर गेला की त्या खोलीत एसी ड्राय मोडवर थोडा वेळ चालवा, आणि पावसाने उघडीप दिली की झाकणं काढून पंख्याखाली तासभर वारा लागू द्या. फक्त एसी चालू असलेल्या खोलीतून दुर्बीण लगेच दमट हवेत नेऊ नका. पावसाळी हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांवर असतो, म्हणजे त्याहून गार वस्तूवर हवेतली वाफ पाणी होऊन बसते, त्यामुळे गार आरशावर क्षणात पाणी धरतं. हे सगळं सामान आणि सुताराची मजुरी धरून पाच हजारांच्या आत बसवा.

गॅरेज तुमच्याच सोसायटीत असतं, वरच्या मजल्यावरचं कोरडं असतं किंवा तुम्ही महिन्यातून चार वेळा वांगणी गाठत असता, तर मी हा हिशेब वेगळा मांडला असता. आजच्या आकड्यांवर माझा सल्ला ‘घेऊ नका’ असाच आहे.

काकांना मात्र याच आठवड्यात फोन करा. १ जूनसाठी त्यांनी दुसऱ्या कुणाला होकार दिलेला नाही, आणि निवृत्त माणसाला एक महिना रिकामा जाणंही जड असतं.