रिलेने पंप बंद केला की आर्डुइनो रीसेट होतो, कधी हँग होतो. कोडमध्ये डिले वाढवू की कॅपॅसिटर लावू? लावला तर किती?

डिले वाढवू नका. तुम्हीच लिहिलंय की आर्डुइनो उनो बोर्ड आणि रिले मॉड्यूल (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) वापरून १२ व्होल्टचा डीसी पंप चालवताय, चालू होताना काही होत नाही, बंद होताना बोर्ड कधी रीसेट होतो कधी नुसताच गोठतो, आणि पंपाच्या वायरी काढून नुसता रिले टिकटिकवत ठेवला तर कितीही वेळ चालतो. अहो मग झालं की! तोच कोड, तोच रिले, पंप काढला की सगळं ठणठणीत. यात कोड आला कुठून?

कुठून आला ते मला चांगलं माहितीये. तुमच्या ओळखीत कुणीतरी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणारा असणार आणि त्याने सांगितलं असणार की डिले टाकून बघ, नाहीतर लायब्ररी बदल. आमच्याकडेही होता, अजून आहे, मित्रच आहे. आम्ही काही जण एक खोली वर्कशॉप म्हणून वापरतो आणि तिच्या दाराला १२ व्होल्टचं सोलेनॉइड लॉक (कॉइलमध्ये करंट सोडला की उघडणारं) बसवलं होतं, कार्ड टॅप केलं की उनो रिले ओढणार, लॉक उघडणार, थोड्या वेळाने रिले सुटणार. साधं काम. पण मधूनच व्हायचं काय की लॉक एकदा उघडून बंद झालं की पुढचं कार्ड वाचायचंच नाही, एलईडी जसा होता तसा अडकलेला, बाहेरचा माणूस टॅप करतोय करतोय आणि आत ढिम्म. मी पहिल्याच दिवशी म्हटलं की लॉकच्या कॉइलवर डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नाहीये, तो लावा आणि ग्राउंडची वायर तिथून उचला. मित्र म्हणाला रिले मॉड्यूलवर डायोड आहे की, हा बघ, बोट ठेवून दाखवला.

हाच तो मुद्दा ज्यावर निम्मे लोक घसरतात, म्हणून जरा थांबून सांगतो. मॉड्यूलवरचा डायोड असतो तो रिलेच्या स्वतःच्या कॉइलसाठी. रिलेच्या कॉन्टॅक्टपलीकडे तुम्ही जे जोडलंय, पंप, सोलेनॉइड, मोटर, त्याच्याशी त्या डायोडचा काडीचाही संबंध नाही. पलीकडेही कॉइलच आहे, आणि चांगली मोठी. तिच्यातला करंट एका झटक्यात तोडला की तो वाहता ठेवायला ती लागेल तेवढं व्होल्टेज तयार करते, १२ व्होल्टच्या सप्लायवर शेकडो व्होल्टचा काटा, म्हणजे क्षणभराची उसळी, सहज निघतो. जोरात वाहणारा नळ एकदम बंद केला की पाइप धडकन वाजतो, तसंच. मग कॉन्टॅक्टमध्ये ठिणगी पडते आणि ती ठिणगी म्हणजे एक छोटा रेडिओ ट्रान्समीटर, जवळच्या प्रत्येक लांब जंपर वायरमध्ये घुसणार.

आमच्या रिलेचं कव्हर पारदर्शक होतं. मी खोलीतला दिवा घालवला आणि मित्राला म्हटलं आता नीट बघ. रिले सुटताना कॉन्टॅक्टच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये निळसर ठिणगी, दर वेळी. त्यावर साहेबांनी काय करावं? मल्टिमीटर आणला, ५ व्होल्टच्या पिनवर लावला आणि म्हणाला ५.०२, हललंसुद्धा नाही! आता डिजिटल मीटर सेकंदातून दोन-तीनदा आकडा बदलतो, मायक्रोसेकंदाचा खड्डा त्याला दिसणार कसा? शेवटी एकाकडून स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) मागून आणला तेव्हा त्याच ५ व्होल्टवर रिले सुटताना ३ व्होल्टच्या आसपास जाणारे काटे दिसले.

आणि हँग का, सरळ रीसेट का नाही, याचं उत्तर त्या ३ व्होल्टमध्येच आहे. उनोवर ब्राउन-आउटची, म्हणजे व्होल्टेज फार पडल्यावर रीसेट व्हायची, पातळी २.७ व्होल्टला लावलेली असते. म्हणजे त्याच्या खाली गेलं तरच चिप स्वतःला रीसेट करणार. पण उनोवरच्या चिपची, एटमेगा३२८पीची, डेटाशीट बघा, १६ मेगाहर्ट्झवर चालवायचं तर साधारण ३.८ व्होल्ट तरी पाहिजेत. म्हणजे २.७ ते ३.८ च्या मधली एक पट्टी अशी आहे की जिथे चिप रीसेटही होत नाही आणि धड चालेल याची हमीही नाही, तिने एखादी सूचना चुकीची वाचली की गेली कुठेतरी भरकटत. तुमचं कधी रीसेट कधी हँग याच्यातलंच दिसतंय. चिपमधलं फ्यूज नावाचं सेटिंग बदलून पातळी ४.३ ला नेता येते, मग निदान भरकटण्याऐवजी रीसेट तरी होतो, पण तो इलाज नाही.

मित्राने स्कोपवरचं चित्र बघितलं, हो म्हणाला आणि कोडमध्ये वॉचडॉग टाकला. आता बोर्ड अडकला की २ सेकंदांनी आपोआप रीसेट होणार. झालं, प्रश्न सुटला म्हणे. दारावर कागद चिकटवला, ‘कार्ड न वाचल्यास थोडं थांबून पुन्हा टॅप करा’. मला त्या कागदाचा इतका राग यायचा की विचारू नका. तो एक दिवस आला नाही तेव्हा मी लॉकच्या दोन टर्मिनलवर, अगदी लॉकपाशीच, १एन४००७ डायोड लावला, त्याच्यावरच्या पट्टीची बाजू प्लसकडे, आणि लॉकची काळी वायर ब्रेडबोर्डच्या पट्टीवरून काढून थेट अडॅप्टरकडे नेली. त्याआधी लॉकचा सगळा करंट उनोच्या ग्राउंडच्याच वाटेने परत जायचा, ब्रेडबोर्डच्या त्या बारीक क्लिपांमधून. बस, एवढंच. वॉचडॉगमध्ये मी हात घातला नव्हता, फक्त त्याने रीसेट केलं की ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) एक आकडा वाढेल एवढं केलं. तो आकडा शून्यावरून हललेला नाही. तरी आजही कुणी विचारलं की मित्र सांगतो, वॉचडॉगने सुटलं.

तर तुमच्यासाठी: डायोड पंपाच्या वायरींवर, पंपाजवळ. पंपाला वेगळा अडॅप्टर असेल तर त्याचं ग्राउंड आर्डुइनोला जोडूच नका, रिलेचे कॉन्टॅक्ट वेगळेच असतात, ‘सगळ्यांचं ग्राउंड एकत्र जोडा’ हा मंत्र इथे लागू नाही. एकच अडॅप्टर असेल तर दोघांच्या वायरी थेट अडॅप्टरपासून वेगवेगळ्या आणा. कॅपॅसिटर किती विचारलंत, उनोच्या ५ व्होल्टवर १०० ते ४७० मायक्रोफॅरॅडमधला जो हाताशी असेल तो लावा, चिपजवळ १०४ (०.१ मायक्रोफॅरॅडचा छोटा कॅपॅसिटर) असतोच. पंप चालू होताना बोर्ड बसत असता तर मी कॅपॅसिटरबद्दल जास्त बोललो असतो, मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते म्हणून. तुमचं बंद होताना बिघडतंय.

रीसेट नक्की कशाने होतोय हे अंदाजाने ठरवायची गरजच नाही, एमसीयूएसआर रजिस्टरमध्ये चिप स्वतः लिहून ठेवते, ब्राउन-आउट, वॉचडॉग की बाहेरच्या पिनने. फक्त ऑप्टिबूट, म्हणजे उनोवरचा बूटलोडर (तुमच्या कोडच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम), ते पुसून टाकतो, म्हणून ही तपासणी बूटलोडरशिवाय, आयएसपीने (वेगळा प्रोग्रॅमर जोडून थेट चिपमध्ये) कोड टाकून करा.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते: हे सगळं डीसी पंपाचं. पंप घरच्या एसी लाइनवरचा असेल तर डायोड अजिबात लावू नका, शॉर्ट होईल. तिथे कॉन्टॅक्टवर स्नबर लागतो, १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरॅड सीरीजमध्ये, कॅपॅसिटर एक्स२ रेटिंगचाच (म्हणजे एसी लाइनवर लावायचाच), आणि एसीची सवय नसेल तर तयार मॉड्यूल घ्या. मोटर उलटसुलट फिरवायची असेल तरी हा एकटा डायोड चालणार नाही. आणि डायोडमुळे कॉइलमधला करंट हळू उतरतो, आमचं लॉक आता किंचित उशिरा पडतं. पंपाला त्याने काही फरक पडत नाही. मित्र मात्र तेवढंच धरून बसलाय.