श्वासातून गेलेले ॲस्बेस्टॉसचे तंतू शरीर बाहेर का टाकत नाही?

जुन्या ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यांना छिद्रे पाडताना धूळ छातीत गेली, ती इतर धुळीप्रमाणे कफावाटे निघून जाणार नाही का, असे आपण विचारले आहे. बरीचशी जाते, जी खोलवर पोहोचते तिची अडचण मात्र वेगळी आहे.

तंतू किती खोल जाईल हे मुख्यतः त्याच्या जाडीवर ठरते. ३ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक तंतू चांगला लांब असला तरी हवेच्या झोताला समांतर राहून वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसाच्या टोकाच्या हवेच्या पिशव्यांपर्यंत, जाऊ शकतो. तेथे कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस नसतात. सफाई करतात त्या भक्षक पेशी, आणि त्यांचा आकार जेमतेम १५ ते २० मायक्रॉन. त्याहून लांब तंतू पेशीला पुरता गिळता येत नाही, अर्धवट गिळलेल्या अवस्थेत ती दाह वाढवणारी द्रव्ये सोडत राहते आणि वर्षानुवर्षांच्या दाहातून फुफ्फुस घट्ट होत जाते.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. अशा फुफ्फुसाच्या छेदात कधीकधी सोनेरी-तपकिरी, मण्यांच्या माळेसारखी काडी दिसते. मधोमध तंतू आणि त्याभोवती शरीराने चढवलेले लोहयुक्त प्रथिनांचे आवरण, जे लोहाच्या रंजकाने निळे होते. बहुतेक तंतूंवर हे आवरण चढतच नाही, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसते त्याहून साठा कितीतरी मोठा असतो.

साठा टिकतो किती, हे पदार्थावर अवलंबून आहे. निळे ॲस्बेस्टॉस दशकानुदशके राहते. ग्लास वूलचे, म्हणजे काचेच्या लोकरीचे, तंतू आडवे तुटतात आणि बरेचसे विरघळतात. पांढरे ॲस्बेस्टॉस, म्हणजे आपल्याकडच्या पत्र्यांतले, तुलनेने लवकर झिजते, पण म्हणून ते निर्धोक आहे हा दावा मला मुळीच मान्य नाही, कारण तेही कर्करोगकारकच ठरले आहे. कृत्रिम धागेही सरसकट निरुपद्रवी नाहीत: नायलॉनचा बारीक चुरा वापरणाऱ्या अमेरिकेतील कारखान्यांच्या कामगारांत १९९० च्या दशकात फुफ्फुसाचा एक स्वतंत्र आजार आढळला.

एकदाच थोडी धूळ गेली असेल, तर धोका अल्प आहे. तो मात्रेबरोबर वाढतो. यापुढे पत्रे कोरडे कापू नका, भिजवून घ्या, खाली पडलेली भुकटी झाडूने न झाडता ओल्या फडक्याने टिपा. हेच काम रोजचे असेल, तर तंबाखूचे धूम्रपान सोडा. शिवाय छातीच्या डॉक्टरांना कामाचा जुना इतिहासही सांगा, कारण फुफ्फुसावरणाचा कर्करोग संपर्कानंतर २० ते ४० वर्षांनीही उद्भवतो.