पावणेपाच, साडेपाच की साडेसात? सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरच्या नळीबद्दल वाचकांचे प्रश्न

सिंगल ॲक्शन म्हणजे प्रत्येक बाराला अंगठ्याने घोडा मागे ओढायचा आणि मग चाप दाबायचा, अशी जुनी रचना. कोल्टचं १८७३ चं ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ हा तिचा सगळ्यात गाजलेला नमुना. आज बाजारात असलेली इटालियन उबर्टी, पिएट्टा किंवा अमेरिकन रूगरची मॉडेलं त्याच घराण्यातली. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न नळीच्या लांबीचे आहेत.

प्रश्न (डॅलस): वय ५३. महिन्यातून एक-दोनदा रेंजवर जातो. .४५ कोल्टचं इटालियन बनावटीचं रिव्हॉल्व्हर घ्यायचं आहे. दुकानदार म्हणतो साडेपाच इंची घ्या, मित्र म्हणतो पावणेपाच, आणि मला साडेसात इंचीच देखणं वाटतं. काय करू?

आधी एक सांगा, वाचायला चष्मा लागतो का? ५३ व्या वर्षी लागतच असणार, आणि हा मुद्दा दुकानात कुणी काढत नाही. नेम धरताना लक्ष्य थोडं पुसट दिसलं तरी चालतं, पण नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा पुढचा खुंट, स्पष्ट दिसायलाच हवी. चाळिशी लागलेल्या डोळ्याला जवळचं धूसर दिसतं. पावणेपाच इंचीपेक्षा साडेसात इंची नळीवरची माशी पावणेतीन इंच पुढे जाते. ऐकायला थोडंसंच वाटतं, पण पन्नाशीच्या डोळ्याला तेवढ्याने बराच आराम पडतो.

दुसरी गोष्ट मागची खाच आणि पुढची माशी यांच्यातल्या अंतराची. हे अंतर आखूड नळीत सहा इंच धरू, लांब नळीत पावणेनऊ. माशी खाचेच्या मध्यापासून इंचाचा शंभरावा भाग सरकली, तर २५ यार्डांवर पहिल्या रिव्हॉल्व्हरची गोळी दीड इंच चुकते आणि दुसऱ्याची जेमतेम एक इंच. रिव्हॉल्व्हर दोन्ही तितकीच अचूक असतात. आखूड नळी तुमची चूक मोठी करून दाखवते, एवढाच फरक.

मग दुकानदार साडेपाच का सुचवतो? तोल. लांब नळीमुळे एकूण वजन फार वाढत नाही, पण वाढलेलं सगळं वजन हातापासून दूर जातं. उभ्याने, एका हाताने नेम धरलात तर चौथ्या-पाचव्या बारापर्यंत टोक खाली झुकू लागतं. दोन्ही हातांनी धरणार असाल तर तेच वजन उसळी आवरायला मदत करतं. तुम्ही कागदी लक्ष्यावर सावकाश बार टाकणार आहात, कमरेला लावून हिंडणार नाही. माझं मत साडेसातच्या बाजूने. देखणं वाटतं हे कारणही मी कमी मानत नाही. जे आवडतं तेच पेटीतून बाहेर निघतं.

‘काउबॉय ॲक्शन’ म्हणजे जुन्या काउबॉय थाटाच्या नेमबाजी स्पर्धांत उतरायचा विचार असेल तर मात्र गणित बदलतं. तिथे लक्ष्यं मोठी आणि जवळ, आणि खेळ वेळेचा. होल्स्टरमधून आखूड नळी लवकर बाहेर येते, त्यामुळे तिथे पावणेपाच आणि साडेपाचच जास्त दिसतात.

प्रश्न (फीनिक्स): लांब नळीतून गोळी जास्त जोरात जाते, हे खरं ना?

खरं आहे, पण लोक समजतात तितकं नाही. .४५ कोल्टच्या नेहमीच्या काडतुसात नळीच्या एका इंचामागे वेगात सेकंदाला साधारण २० ते ३० फुटांचा फरक पडतो. म्हणजे साडेसातवरून पावणेपाचवर आलात तर साठ-ऐंशी फूट गेले. कागदाला किंवा लोखंडी ताटलीला ते कळतही नाही. .३५७ मॅग्नमच्या भरपूर, सावकाश जळणाऱ्या दारूच्या काडतुसात तोटा जास्त होतो, आणि आखूड नळीच्या तोंडाशी जाळ आणि आवाजही वाढतो. १८७३ च्या घोडदळाला साडेसात इंची नळी दिली गेली तेव्हा .४५ च्या पूर्ण भरलेल्या काडतुसात ४० ग्रेन (सुमारे अडीच ग्रॅम) काळी दारू बसत असे. तिला लांबी मानवत होती.

याहून कमी बोललं जातं ते सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता भाग) आणि नळी यांच्यातल्या फटीबद्दल. रिव्हॉल्व्हरच्या नळीची लांबी सिलिंडरच्या पुढच्या बाजूपासून मोजतात, सिलिंडर त्यात धरत नाहीत. मध्ये जी बारीक फट असते तिच्यातून वायू निसटतो. त्यामुळे ऐसपैस फटीची साडेसात इंची नळी आणि घट्ट बसवलेली साडेपाच इंची नळी सारखाच वेग देताना दिसू शकतात. विकत घेताना रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची खात्री करून घ्या, मग ते उजेडासमोर धरून ही फट पाहा. ०.००६ इंचापर्यंत असेल तर ठीक.

प्रश्न (सॅन होजे): जुन्या पश्चिम अमेरिकेतला नामांकित कायदारक्षक वायट अर्प याच्याकडे बारा इंची नळीचं ‘बंटलाइन स्पेशल’ होतं म्हणतात. तसं घ्यावं का?

ती गोष्ट १९३१ साली छापलेल्या त्याच्या चरित्रातून पसरली. तिला त्या काळातला भक्कम पुरावा मिळालेला नाही. कोल्टने १८७६ च्या सुमारास सोळा इंची नळीची थोडी रिव्हॉल्व्हर बनवली होती हे खरं, आणि पुढे १९५० च्या दशकात, टीव्हीमुळे मागणी आल्यावर, बारा इंची मॉडेल बाजारात आणलं. भिंतीवर लावायला छान. हातात धरून तासभर नेमबाजी करा, खांदाच उत्तर देईल.

प्रश्न (ह्यूस्टन): पावणेपाच ही विचित्र लांबी आली कुठून? आणि माझ्या साडेसात इंचीची नळी कापून घेता येईल का?

नळीच्या उजव्या कुशीला, रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या दांड्याचं घर असतं. पावणेपाच इंची नळी जवळजवळ त्या घराच्या तोंडाशी संपते. त्याहून आखूड हवी तर दांडा छोटा करावा लागतो किंवा काढूनच टाकावा लागतो. तीन-चार इंची ‘शेरीफ’ मॉडेलांत तो काढलेलाच असे, मग रिकामी काडतुसं काडीने टोचून बाहेर काढा. त्याच काळातला दुसरा नामांकित कायदारक्षक बॅट मास्टरसन याने १८८५ मध्ये डॉज सिटीहून कोल्ट कंपनीला पत्र लिहून रिव्हॉल्व्हर मागवलं, तेव्हा नळी त्या दांड्याइतकीच लांब हवी, चाप अगदी हलका हवा आणि माशी नेहमीपेक्षा थोडी उंच आणि जाड हवी, असं कळवलं होतं. ज्याला रोज कमरेला लावून बसा-उठायचं आहे त्याची ही मागणी. पुढे दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या अमेरिकन जनरल पॅटनने १९१६ मध्ये घेतलेलं हस्तिदंती मुठीचं कोल्टही पावणेपाच इंचीच.

कापता येतेच. अमेरिकन लष्कराने १८९० च्या दशकात घोडदळाची जुनी रिव्हॉल्व्हर परत मागवून त्यांच्या नळ्या साडेपाच इंचांवर आणल्या. संग्राहक ज्याला ‘आर्टिलरी’ म्हणतात ते हेच. पण तुमच्या बाबतीत माशी नव्याने बसवावी लागेल, नळीचं तोंड नीट घासावं लागेल, वर पॉलिशचा खर्च. शिवाय या रिव्हॉल्व्हरची माशी सरकवता येत नाही, त्यामुळे गोळी लागायची जागा बदलली तर माशी कानशीने कमी करून ती वर आणावी लागते. कमी केलेली माशी परत वाढत नाही. त्यापेक्षा हे विकून दुसरं घ्या.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): एच-१बी व्हिसावर आहे. साडेपाच इंची घेऊ शकतो का?

लांबीचा प्रश्न पुढचा. तात्पुरत्या, म्हणजे नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्यांना बंदूक आणि काडतुसं बाळगायला संघराज्याच्या कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. राज्याचा चालू शिकार परवाना असणं असे काही मोजके अपवाद आहेत. ‘रेंजवर भाड्यानेच घेतो’ म्हटल्याने सुटका होत नाही. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई लागू नाही, पण न्यू जर्सीत रिव्हॉल्व्हर घेण्याआधी राज्याची परवानगी वेगळी लागते. इथे दुकानदाराचं किंवा मित्राचं ऐकू नका, वकिलाला विचारा. चूक झाली तर व्हिसावरही बेतेल.

प्रश्न (सिॲटल): हात लहान आहेत आणि ही माझी पहिलीच बंदूक. कुठून सुरुवात करू?

.२२ पासून, साडेपाच किंवा साडेसहा इंची नळी. काडतुसं स्वस्त, उसळी नाहीशी, आणि घोडा-चापाची सवय तीच. मूळ कोल्टच्या घडणीचं रिव्हॉल्व्हर हाताळाल तेव्हा सहा घरांत पाचच काडतुसं भरायची आणि रिकामं घर घोड्याखाली ठेवायचं, कारण त्या रचनेत घोड्यावर आघात झाला तर बार उडू शकतो. रूगरने १९७३ पासून आपल्या मॉडेलांत ट्रान्सफर बार, म्हणजे चाप दाबल्याशिवाय घोड्याचा आघात काडतुसापर्यंत पोहोचू न देणारी पट्टी, घातला, त्यात सहाही भरता येतात. इटालियन मॉडेलांत सगळीकडे तशी सोय नसते, तेव्हा घेण्याआधी माहितीपुस्तिका वाचून खात्री करून घ्या.