जुनी मोटारसायकल घेण्यापूर्वी

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोलणे अर्धवट राहिले, म्हणून सविस्तर लिहितो. 2020 सालची स्प्लेंडर, मध्य प्रदेशच्या एमपी 46 पासिंगची, बाजारभावापेक्षा दहा-बारा हजारांनी स्वस्त, आणि ‘आरसी बुक सेंधव्याला मेहुण्याकडे आहे, आठ दिवसांत देतो’ असे सांगणारा माणूस, एवढे ऐकूनच माझ्या मनात शंका आली. तो माणूस खराही असेल. पण ती शंका फिटेपर्यंत इसार म्हणून एक रुपयाही देऊ नकोस.

ॲपवर नंबर टाकून पाहिला आणि सगळे बरोबर निघाले, असे तू म्हणालास. एमपरिवहन या सरकारी ॲपवर दिसणारी माहिती त्या नंबरची असते, समोर उभ्या असलेल्या गाडीची असेलच असे नाही. चोर त्याच मॉडेलच्या आणि त्याच रंगाच्या दुसऱ्या गाडीचा नंबर पाहून तशीच पाटी बनवून लावतात. मग ॲपवर मालक, विमा, पासिंग सगळे व्यवस्थित दिसते. म्हणून पाटीवर न थांबता लोखंडापर्यंत गेले पाहिजे.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा जबडा उघडून दात पाहिल्याशिवाय सौद्याला बसत नाही. इथे हँडलखालची मान पाहायची. गाडी दिवसा उजेडात उभी कर, हँडल एका बाजूला पूर्ण वळव आणि उजवीकडचा चिखल-ग्रीस रॉकेलच्या चिंधीने पुसून टाक. तिथे 17 अक्षर-अंकांचा चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा नंबर, ठोकलेला असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच नसतात, आणि हिरोच्या गाडीचा नंबर एमबीएलने सुरू होतो. त्यावरून अंगठ्याचे नख फिरव. कंपनीचा ठसा एका ओळीत आणि सारख्या खोलीचा लागतो. ग्राइंडर फिरवून पुन्हा ठोकलेला नंबर असेल तर भोवतालचा पत्रा किंचित खोलगट लागतो, एखादा आकडा तिरपा बसलेला असतो, आणि बाकी फ्रेमचा रंग जुनाट असताना तेवढीच जागा चकचकीत दिसते. इंजिनच्या क्रँककेसवरचा, म्हणजे बाहेरच्या कवचावरचा, नंबरही तसाच पाहा. मग दोन्ही नंबर मूळ आरसीशी एकेक अक्षर बोट ठेवून जुळव. झेरॉक्सवर किंवा व्हॉट्सॲपच्या फोटोवर भागवू नकोस.

1 एप्रिल 2019 नंतरच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट कंपनीकडूनच येते. ही गाडी 2020 ची असून साधी रंगवलेली पाटी असेल, तर खरी पाटी कुठे गेली, हे विचारायलाच हवे.

पोलिसांच्या डिजिटल पोलीस पोर्टलवर पासिंग, चेसिस आणि इंजिन नंबर टाकून गाडी चोरीच्या नोंदीत आहे का, ते पाहता येते. मात्र चोरी नुकतीच झाली असेल तर नोंद चढलेली नसते, म्हणून मूळ मालक समोर आल्याशिवाय व्यवहार नको. परराज्यातली गाडी असल्यामुळे तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28 वरचा ना हरकत दाखला, लागेल. फॉर्म 29 आणि 30 या मालकी बदलाच्या कागदांवर मालकाने तुझ्यासमोर सही करावी आणि ती आरसीवरील व आधारवरील नावाशी जुळावी. स्टँप पेपरवरची सौदा पावती आपल्याकडे सर्रास चालते, परंतु तिने गाडी नावावर होत नाही.

हे सगळे इतक्या तळमळीने लिहिण्याचे कारण सांगतो. माझे गॅरेज नवे होते तेव्हा एका शेतकरी मित्राने माझ्या शब्दावर गाडी घेतली होती. मी इंजिनचा आवाज ऐकला, चेन पाहिली, टायर दाबून पाहिले. चेसिस नंबर मात्र पाहिला नाही. सहा महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यातले पोलीस आले आणि गाडी घेऊन गेले. त्याचे कापसाचे पैसे गेले ते गेलेच, वर त्याला तीन वेळा जबाबासाठी जावे लागले. विकणाऱ्याकडेच मालकी नसेल तर पैसे मोजूनही ती घेणाऱ्याकडे येत नाही. आणि चोरीचा माल आहे असे समजण्यास कारण असताना तो बेइमानीने घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या मित्राने मला कधी बोल लावला नाही, हे मला अजून टोचते.

मालकाला मूळ आरसी घेऊन रविवारी शिरपूरला बोलाव. मी धुळ्याहून सकाळच्या एसटीने येतो. टॉर्च आणि चिंधी घेऊन येईन. तो यायला तयार नसेल तर तसे कळव, आपण दुसरी गाडी पाहू.

तुझा मामा